अणुस्कुऱ्यावरून सड्याकडे : कोल्हापूर ते रत्नागिरी या ग्रॅव्हल सायकलमार्गाच्या आखणीचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूरहून रत्नागिरीला सायकलने जायचे म्हटले की प्रत्येकाच्या तोंडी पहिले नाव आंबा घाटाचे येते. अंतर सुमारे १३० किलोमीटर, चढ बेताचा, वाटेत चहापाण्याची सोय आणि घाट उतरला की साखरपा. परंतु हा रस्ता रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे, त्यावर मालवाहू ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या यांची अखंड ये-जा असते आणि घाटातल्या वळणांवर सायकलस्वाराला कडेला सरकण्याइतकीही जागा अनेक ठिकाणी उरत नाही. कोल्हापुरातील काही सायकलस्वारांनी याला पर्याय शोधायचे ठरवले. रुंद टायरच्या, वाकड्या हँडलच्या ग्रॅव्हल सायकली त्यांच्याकडे नव्यानेच आल्या होत्या. मार्ग शक्य तितका कच्चा असावा, सह्याद्री ओलांडून समुद्राला भिडावा, वाटेत दोन मुक्काम व्हावेत आणि सराईत नसलेल्यांनाही तो पार करता यावा, एवढ्याच त्यांच्या अपेक्षा होत्या. या आखणीत प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता. मूळ कल्पना आणि प्रत्यक्षात उतरलेला मार्ग यांत बरेच अंतर पडले, आणि ते का पडले याचीच ही नोंद आहे.

पहिला प्रश्न घाटाचा होता. कोल्हापूरच्या नैऋत्येकडे गगनबावड्यावरून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खाली वैभववाडीकडे जातात; तिथून रत्नागिरी फार लांब पडते. उत्तरेकडे आंबा, जो टाळायचाच होता. या दोहोंच्या मध्ये अणुस्कुरा घाट आहे. शाहूवाडी तालुक्यातून तो थेट राजापूर तालुक्यात पाचलकडे उतरतो. राजापूर हे एके काळी नावाजलेले बंदर होते, सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती आणि बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून ज्या वाटांनी देशावर चढत असे त्यांपैकी अणुस्कुरा ही एक प्रमुख वाट होती. त्या वाटेची फरसबंदी अजून टिकून आहे. नव्या मार्गाला असा जुना आधार मिळाल्याने सर्वांना समाधान वाटले. त्या समाधानाच्या भरात एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही : बैलांच्या तांड्याला सोयीची वाट चाकाला सोयीची असतेच असे नाही.

पहिला आराखडा घरी बसून, उपग्रहचित्रांवरून तयार झाला. पन्हाळ्यापर्यंत नेहमीचा रस्ता, पुढे मसाई पठार, आणि त्यानंतर पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमंतीची सर्वश्रुत वाट. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, त्या घटनेच्या स्मरणार्थ दर वर्षी जुलैत हजारो लोक ही वाट चालतात, त्यामुळे ती नकाशावर ठळक उमटलेली होती. चित्रात वाट तांबडी दिसली की ती कच्ची समजायची, या हिशेबाने मार्गाचा निम्म्याहून अधिक भाग कच्चा निघाला.

मसाई पठाराने निराश केले नाही. जांभ्याचे हे सपाट, विस्तीर्ण पठार डिसेंबरात वाळलेल्या गवताने पिवळे पडते आणि त्यावरून गेलेल्या जीपच्या चाकोऱ्या सायकलला नेमक्या हव्या तशा, घट्ट आणि किंचित खरखरीत असतात. मार्गाच्या सुरुवातीलाच असा पट्टा मिळणे हे खरे तर घातकच ठरते, कारण पुढेही सगळे असेच असणार अशी समजूत होऊन बसते. पठार संपून वाट खाली वाड्यांकडे वळली की चित्र पालटते. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या जोडणाऱ्या वाटांचे बरेच तुकडे आता डांबरी किंवा काँक्रीटचे झाले आहेत. उपग्रहचित्र जुने असल्याने ते बदल त्यात आले नव्हते. वाडीतल्या माणसाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. आजारी माणसाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेता येते. कच्च्या वाटेची हौस करणाऱ्याने याबद्दल हळहळ व्यक्त करणे लेखकाला अप्रशस्त वाटते. जे तुकडे अजून मातीचेच आहेत तिथे पावसाळ्यातल्या चिखलात उमटलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून इतक्या कडक होतात की पुढचे चाक एकदा त्यात सापडले की ती चाकोरी नेईल तिकडेच जावे लागते. त्यामुळे पावनखिंडीजवळच्या पांढरेपाणी गावापर्यंतच्या टप्प्यात सपाट अंतराच्या हिशेबाने धरलेला वेळ दीडपट करावा लागला.

घाटाबाबत पहिल्या आराखड्यात जुनी फरसबंदी वाटच घेतलेली होती. प्रत्यक्ष पाहणीत ती पहिल्या काही वळणांतच बाद झाली. दगड पायांनी गुळगुळीत झालेले, त्यांच्यामधल्या मातीला पावसाने वाट करून दिलेली, त्यावर पाचोळ्याचा थर, आणि पाचोळ्याखाली कोणता दगड हलतो हे पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. सायकल खांद्यावर घेऊन उतरणे शक्य होते, पण मग तो सायकलमार्ग राहिला नसता. शिवाय जी वाट शतकानुशतके टिकली ती ब्रेक दाबलेल्या चाकांनी उखडण्याचे कारण नव्हते. निर्णय झाला की घाट डांबरी रस्त्यानेच उतरायचा. या रस्त्यावर वाहने तुरळक असतात. दरी सतत डाव्या-उजव्या हाताला बदलत राहते आणि कोकणाची दमट हवा वळणागणिक अंगाला जाणवू लागते. गव्यांचा वावर या भागात आहे, म्हणून दिवस मावळल्यावर इथे उतरायचे नाही, हा नियम पहिल्यापासूनच ठेवण्यात आला. घाटमाथ्यावर सर्वांनी थांबून ब्रेकचे पॅड पाहायचे आणि उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता वळणाआधी जोरात दाबून सोडायचा, एवढी सूचना पुरेशी ठरली.

घाटाखालचा पाचल, रायपाटण, ओणी हा टप्पा थोडक्यात आटोपता येतो. रस्ता पक्का आहे, पाचलच्या बाजारपेठेत खाण्यापिण्याची सोय होते आणि ओणीला मुंबई–गोवा महामार्ग आडवा येतो. चौपदरी झालेल्या या महामार्गावरून राजापूरपर्यंतचा तुकडा सायकलने काटणे धोक्याचे आहे, म्हणून तो शक्य तितका गावरस्त्यांनी टाळला आणि पहिला कोकणी मुक्काम राजापुरात ठेवला.

या प्रकरणाचा खरा गाभा राजापूरच्या पश्चिमेला आहे. राजापूर शहर अर्जुना नदीच्या काठी, खोलगटात वसलेले आहे आणि तिथून समुद्राकडे निघाले की चढ चढून माणूस सड्यावर येतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही त्यावर माती टिकत नाही. दगडाचा वरचा थर उन्हापावसाने काळवंडलेला आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. चिऱ्यांच्या, म्हणजे बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याच्या ठोकळ्यांच्या, खाणीतून ट्रक जातात तिथे हा थर भरडून तांबडा मुरूम होतो आणि त्याच्या दोन चाकोऱ्या क्षितिजापर्यंत जातात. ग्रॅव्हल सायकल ज्यासाठी बनवली जाते ते हेच. उपग्रहचित्रात बारसू, देवीहसोळ, आडिवरे या पट्ट्यात अशा वाटांचे जाळे दिसते आणि पहिल्या आराखड्यात त्यांतली सर्वांत सरळ रेघ निवडलेली होती.

ती रेघ बदलण्याची तीन कारणे झाली. पहिले कारण दगडच होता. सड्याचा उघडा कातळ दुरून सपाट दिसतो, पण त्याच्या कडा धारदार असतात आणि टायरची बाजू कापतात. ट्यूबलेस टायरमधले द्रव काट्याने पडलेले भोक बुजवते, बाजूला गेलेली चीर बुजवत नाही. ४० मिलिमीटरच्या टायरवर आलेल्यांना याचा अनुभव लवकरच आला आणि पुढे ४५ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा टायर या मार्गावर आणू नये असे ठरले. भरडलेल्या मुरुमाचे दाणे उतारावर गोट्यांसारखे घरंगळतात, त्यामुळे वळणावर पुढचा ब्रेक दाबणारा हमखास पडतो. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत कंबरभर असेपर्यंत कातळातल्या भेगा आणि सोडून दिलेल्या चिरेखाणी दिसत नाहीत. खाणीची कड सरळ, भिंतीसारखी कापलेली असते आणि तिच्याभोवती कठडा नसतो. म्हणून गवत कापून होईपर्यंत सड्यावर चाक घालायचे नाही, हा निर्णय निव्वळ जिवाच्या काळजीने झाला.

दुसरे कारण कातळशिल्पे. रत्नागिरी आणि राजापूर परिसरातल्या सड्यांवर जमिनीलगतच्या कातळात कोरलेल्या शेकडो आकृत्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे गावोगाव फिरून त्यांचा शोध घेतला आणि २०२२ मध्ये बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, कशेळी यांसह कोकणातल्या निवडक ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. कशेळीला सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. काही ठिकाणी चिऱ्यांचे कुंपण घातले आहे, बऱ्याच ठिकाणी नाही. सायकलस्वाराच्या दृष्टीने अडचण अशी की या रेषा फार उथळ असतात. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा त्यांच्यात सावली भरते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी मात्र शेजारी उभे राहूनही ती डोळ्यांना सापडत नाही. वेगाने जाणारा माणूस दुपारी त्यांच्यावरून गेला तर आपण कशावरून गेलो हे त्याला कधीच कळणार नाही. उघड्या कातळावर वाट नसतेच, जिकडे चाक फिरेल तिकडे जाता येते, आणि ग्रॅव्हल सायकलीचे सगळे आकर्षण याच मोकळेपणात आहे. इथे नेमका तोच मोकळेपणा सोडावा लागतो. त्यामुळे आराखड्यातली उघड्या कातळावरच्या सगळ्या आडवाटा काढून टाकल्या आणि मार्ग ट्रकने भरडलेल्या चाकोऱ्यांपुरता ठेवला, मग अंतर कितीही वाढो. शिल्पे पाहायची असतील तर सायकल रस्त्यावर आडवी ठेवून, गावातला माणूस बरोबर घेऊन, चालत जायचे.

तिसरे कारण उपग्रहचित्रात दिसण्यासारखे नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा ग्रामस्थांनी, विशेषतः बायकांनी, भर उन्हात सड्यावर ठाण मांडून विरोध केला आणि पोलीस बळाचा वापर झाला. या पार्श्वभूमीवर हेल्मेट घातलेली, हँडलवर चमकता पडदा लावलेली, मधूनमधून थांबून नकाशा पाहणारी अनोळखी माणसे सड्यावर दिसली तर गावाने काय समजावे? पाहणीच्या वेळी गुरे घेऊन चाललेल्या एका वयस्कर गृहस्थांनी वाट अडवून विचारले, ‘‘सर्व्हेला आलात काय?’’ ‘‘नाही काका, सायकलवाले आहोत, कोल्हापूरचे,’’ असे सांगितल्यावर त्यांनी हँडलकडे बोट दाखवले. ‘‘मग ह्या यंत्रात काय मोजताय?’’ यंत्र काढून त्यांच्या हातात दिले, पडद्यावर वेग आणि अंतर कुठे दिसते ते दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, परत दिले आणि मग पुढच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधापर्यंत, स्वतः चालत येऊन कोणती वाट खाणीकडे जाते आणि कोणती वाडीकडे, हे समजावून सांगितले. नकाशात दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

या प्रसंगानंतर पद्धत बदलली. ड्रोन आणायचा नाही, सड्यावर जाण्यापूर्वी वाडीत थांबून कुठून कुठे चाललो हे सांगायचे आणि जिथे कलमांच्या बागेला गडगा किंवा कुंपण आहे तिथे वाट नकाशावर असली तरी ती नाही असे समजायचे. आंब्याला मोहोर आल्यापासून फळ उतरेपर्यंत बागायतदाराचा जीव कलमांत अडकलेला असतो. राखणीला बसलेल्या माणसाला बागेतून येणारा अनोळखी सायकलस्वार पाहून बरे वाटण्याचे काहीच कारण नाही. कागदोपत्री पायवाटेचा हक्क कोणाचा हा वाद घालण्यासाठी मार्ग आखलेला नव्हता, त्यामुळे असे सर्व तुकडे सरळ वगळले. मार्ग त्यामुळे वाकडातिकडा झाला हे खरे, परंतु तो अडवला जात नाही, आणि वाकड्या मार्गापेक्षा अडवला गेलेला मार्ग कितीतरी लांब पडतो.

सड्यावरून खाली उतरतानाची एक चूक मात्र पाहणीतही सुटली असती. सडा संपून खाडीकाठच्या गावात उतरणारी एक तुटक रेघ नकाशावर होती आणि अंतर इतके कमी होते की ती घेण्याचा मोह कोणालाही व्हावा. ती पाखाडी निघाली. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये वीतवीत उंचीच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, सावलीत शेवाळ धरलेल्या, आणि रुंदी इतकी की सायकल हातात धरून चालणाऱ्याला शेजारून दुसरा माणूस जाऊ शकत नाही. सायकली खांद्यावर घेऊन मंडळी उतरत असताना खालून डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेतलेल्या बायका वर येत होत्या आणि बोजा डोक्यावर असतानाच त्यांना गडग्याला टेकून थांबावे लागले. कोकणातल्या नकाशावर सडा आणि गाव यांना जोडणारी आखूड, सरळ रेघ दिसली की ती पाखाडी असणार असे धरून चालावे आणि ज्या रस्त्याने एसटी गावात उतरते तोच घ्यावा, असा निष्कर्ष त्यातून निघाला. अंतर तिप्पट होते, पण पाखाडी तिथल्या माणसांसाठी आहे.

आडिवऱ्यानंतरच्या किनारी टप्प्यात कच्चे फारसे उरत नाही. आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचे कनकादित्य मंदिर, गावखडीचे सुरूचे बन, मुचकुंदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की पूर्णगड आणि मग पावस असा हा क्रम आहे. समुद्र बहुतेक वेळ उजेडातून जाणवतो आणि वळणावर अचानक दिसतो. इथली खरी कसोटी चढांची आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून हा मार्ग उताराचाच असणार अशी सहभागी झालेल्या अनेकांची समजूत होती. परंतु किनाऱ्यालगत प्रत्येक नदीने सडा कापला आहे; पुलापाशी माणूस समुद्रसपाटीला येतो आणि लगेच शंभर-दीडशे मीटर पुन्हा चढतो. घाटाचा एकच मोठा उतार मनाची तयारी करून घेतो, हे लहान चढ मात्र दुपारच्या दमट उकाड्यात एकामागून एक येऊन पाय गाळून टाकतात. सड्यावर सावलीही नसते आणि पाणीही नसते, हे धरून दुसऱ्या मुक्कामाचे ठिकाण रत्नागिरीच्या जवळ न ठेवता आडिवरे परिसरात मागे आणले आणि शेवटचा दिवस हलका केला. पावसहून पुढे काजळी नदीवरचा भाट्याचा पूल ओलांडला की रत्नागिरी शहर येते.

अखेरीस जो मार्ग ठरला तो सुमारे दोनशे किलोमीटरचा आहे आणि त्यातला एक-तृतीयांशाच्या आसपास भाग कच्चा आहे. ग्रॅव्हल मार्ग म्हणवून घेण्यासाठी हे प्रमाण कमी आहे अशी तक्रार गटातल्या काहींनी केली. लेखकाला ती मान्य नाही. सह्याद्रीची कड इतकी उभी आहे की तिथे चाकाला डांबराशिवाय पर्याय नाही, खाडीकाठ इतका वस्तीचा आहे की तिथल्या वाटा पायांच्या आहेत, आणि उरलेला सडा चाकाला मोकळा वाटला तरी तो मोकळा नाही. कच्च्याचा टक्का वाढवायचा तर या तिन्हींपैकी कोणावर तरी जबरदस्ती करावी लागते.

परतीचा प्रश्न साधा आहे, पण तो आधी सोडवून ठेवावा लागतो. रत्नागिरी आणि कोल्हापूर यांना जोडणारा थेट लोहमार्ग नाही. वैभववाडी–कोल्हापूर मार्गाची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. कोकण रेल्वेने मुंबईकडे किंवा गोव्याकडे जायचे असल्यास सायकल पार्सल म्हणून नोंदवून सामानाच्या डब्यात चढवावी लागते. कोल्हापूरला परतणाऱ्यांनी एकत्र मिळून टेम्पो ठरवणे सोयीचे ठरले आणि तो अर्थातच आंबा घाटाने वर आला.

मार्गाची जीपीएस फाइल सर्वांसाठी खुली करायची का, यावर गटात बराच वाद झाला. खुली केली तर कोणीही कोणत्याही महिन्यात येऊन चिखलात आणि फुललेल्या सड्यावर चाके घालणार; केली नाही तर केलेले काम आपल्यापुरतेच राहणार. शेवटी मधला मार्ग निघाला. फाइलमध्ये बारसू ते देवीहसोळ या टप्प्यातली कच्ची वाट दाखवलेली नाही, तिथे फक्त डांबरी रस्ता आहे आणि गावात विचारून पुढे जावे अशी सूचना आहे. कातळशिल्पांच्या जागाही तीत नोंदवलेल्या नाहीत. फाइल मागणाऱ्याला आधी महिना विचारला जातो, आणि जून ते नोव्हेंबर यांतला कोणताही महिना सांगितल्यास त्याला सड्याचा एकही तुकडा नसलेली दुसरी फाइल पाठवली जाते.